खंडेनवमीला साफ झालेले दोन फोल्डर

हिंगोली,
शनिवार, दुपारची वेळ

आदरणीय व्याहीबुवा श्री. नेमसिंग गुरुजी यांना धर्मसिंग आडे याचा, दुकानातल्या खुर्चीवरून उठून, जय सेवालाल.

आमच्याकडे सगळे ठीक आहेत. तुमच्या गुडघ्याचं मात्र नीट कळवा. दसऱ्याला भेटायला आलो तेव्हा ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना तुम्ही मधल्या पायरीवर थांबलात आणि निंबाच्या झाडाचं कौतुक केलंत. झाड मीही पाहिलं. त्यात थांबून बघावं असं काही नव्हतं, त्यावरून गुडघा अजून दुखतो आहे असं मी धरून चाललो आहे. विहीणबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन मात्र उत्तम झालेलं दिसतं, कारण माझ्या सदऱ्यावरचा चहाचा डाग त्यांना अंगणाच्या त्या टोकावरून दिसला. गाय व्याली का? (व्याली असल्यास खरवसाची आशा ठेवून नाही, फक्त विचारलं.) हे पत्र खरं आपल्या गोरबोलीत लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण ती बोली बोलायला आईनं शिकवली आणि लिहायला कुणीच नाही. म्हणून मराठीत लिहितो. तुम्ही एकतीस वर्षं मराठी शिकवलीत आणि घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन घेऊन वाचता, हे ठाऊक आहे. या पत्रावरही खुशाल लाल रेघा माराव्यात. माझी नववी औंढ्याच्या शाळेत अर्धी राहिली, ती अशी तरी पुरी होईल.

आता मुद्द्यावर येतो. हरीशराव परवा दुकानात आले. दोन चहा प्याले, टेबलावरचा टेस्टर उचलून पाहिला, ठेवला, पुन्हा उचलला. जावई एकच टेस्टर दोनदा उचलतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि सुरुवात सापडत नसते. तिसऱ्या चहाला सापडली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, तुमच्याकडे भावकीचं जेवण होतं. त्रेपन्न माणसं पंगतीला, आणि आमची शिला, तुमची नवी सून, अकरा वाजल्यापासून साडेचारपर्यंत गोठ्यामागं मोबाईल कानाला लावून उभी. बरं, हळू बोलली असती तरी चाललं असतं. ती कुणाला तरी रागवत होती. 'हात काहून लावला तुमी? लावू नका म्हणलं होतं न्हाई का!' हे तिचं वाक्य तुमच्या चुलत बहीण भागूबाई यांनी स्वतः ऐकलं आणि जेवणाची पहिली पंगत उठायच्या आत तांड्याच्या पलीकडच्या घरापर्यंत पोचवलं. तुम्ही त्या दिवशी पाहुण्यांसमोर काही बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. पण रात्री हरीशरावांना म्हणालात की पहिलं वर्ष आहे, सुनेनं घर शिकावं, माहेरचा धंदा माहेरच्यांनी बघावा. विहीणबाई तर काहीच बोलल्या नाहीत म्हणे. त्याची मला जास्त भीती वाटते, कारण त्या दिवशी फोनमधून परात खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला होता, आणि ती परात ठेवलेली नव्हती, आपटलेली होती. माझा कान अशा बाबतीत सहसा चुकत नाही.

तर गुरुजी, पहिली गोष्ट ही की ज्याला शिला रागवत होती तो माणूस मीच. हात मी लावला होता, आणि तो सर्व्हरच्या बटणाला. तिच्या नावाला यात कुठं तिळाएवढा डाग लागत असेल तर तो पुसायला हे पत्र आहे. सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हालाच ठरवता येईल की त्या साडेपाच तासांत तिनं काही वावगं केलं की नाही.

माझा धंदा तुम्ही वरवर पाहिला आहे. मी हिंगोलीत आलो तो पाण्याच्या मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायला. मोटार भरणाऱ्याचं निम्मं काम कानाचं असतं. बेअरिंग गेलं आहे, की गुंडाळी जळते आहे, की मालक खोटं बोलतो आहे, हे मोटार चालू केल्यावर पहिल्या दहा सेकंदांत ऐकू येतं. पुढे मोटारींवरून रेडिओ, रेडिओवरून टीव्ही आणि टीव्हीवरून कॉम्प्युटर असा मी चढत गेलो, पण भांडवल तेच राहिलं. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ किती आहे आणि हार्डडिस्क किती दिवसांची सोबती आहे, हे मी आजही पेटी न उघडता सांगतो. अडचण एवढीच की सर्व्हरच्या आत जे नियम लिहिलेले असतात त्यांना आवाज नसतो. तिथं माझं काम थांबतं आणि शिलाचं सुरू होतं. बायपासकडच्या कॉलेजातला सर्व्हर लग्नाआधी तिनंच बसवला. (कॉलेजचं नाव लिहीत नाही. प्राचार्यांनी माझ्याकडून तसा शब्द घेतला आहे. तुम्ही ओळखलं असेलच, पण मी सांगितलं नाही.) देखभालीचा करार माझ्या नावावर आहे. फलकही माझ्या नावाचा आहे. डोकं तिचं आहे.

तुम्हाला शाळेच्या भाषेत समजावतो. कॉलेजात सत्तर कॉम्प्युटर आहेत. सर्व्हर, ज्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात, तो या सत्तर पोरांचा हेडमास्तर. कुणी आत यायचं, पासवर्ड केवढा असावा, तो किती दिवसांनी बदलावा, कुणाला कोणतं कपाट दिसावं, छपाई कुठल्या प्रिंटरवर व्हावी, हे सगळं नियमांच्या वह्यांत लिहून हेडमास्तरच्या कपाटात ठेवलेलं असतं. प्रत्येक कॉम्प्युटर सुरू होताना, आणि नंतर साधारण दर दीड तासानं, त्या वह्या वाचून येतो. त्यातल्या दोन वह्या कंपनीकडूनच येतात. एक सगळ्या पोरांसाठी, दुसरी खुद्द हेडमास्तरसाठी. बाकीच्या पाच शिलानं कॉलेजच्या गरजेप्रमाणे केलेल्या. या कॉम्प्युटर जातीची शिस्त अशी कडक की यादीतली एक वही जरी सापडली नाही तरी तो पुढच्या उघडतच नाही. वह्या म्हणजे फोल्डर, आणि त्यांना नाव नसतं. महिरपी कंसात छत्तीस अक्षरांची आकड्यांची माळ असते. आत गेलं तर दोन छोट्या खोल्या आणि एक चिठ्ठीएवढी फाइल. न कळणाऱ्याला वाटावं, कुणीतरी घर बांधायला काढलं आणि सोडून गेलं.

आता त्या कॉलेजात संतराम नावाचा लॅब अटेंडंट आहे. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. त्याच्या लॅबमध्ये चप्पल घालून प्राचार्यसुद्धा जात नाहीत. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो तसं कॉलेज दरवर्षी कॉम्प्युटर पुजतं, आणि पूजेआधी साफसफाई संतरामची. या वर्षी बुधवारी सकाळी त्यानं सर्व्हरचं झाकण काढलं, ब्लोअर मारला, मऊ फडक्यानं पुसलं. आणि मग त्याच्या मनात आलं की आतलं काय? बाहेरून पुसायचं आणि आत कचरा ठेवून हळद-कुंकू लावायचं, हे देवापुढं बरं दिसत नाही. (हे त्याचे शब्द आहेत. मला त्यात खोट काढता आली नाही.) म्हणून त्यानं स्क्रीन चालू करून आतही झाडू मारला. जुन्या नोटिसा काढल्या, प्राचार्यांच्या एकाच भाषणाच्या तीन प्रती होत्या त्यातल्या दोन काढल्या, कुणीतरी लपवलेला एक सिनेमा काढला. मग तारखेप्रमाणे लावून सगळ्यांत जुनं, बेवारस काय आहे ते पाहिलं. नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे आणि आत रिकाम्या खोल्या असे दोन फोल्डर त्याला दिसले. पाच तसलेच आणखी होते, पण त्यांच्यावरची तारीख अलीकडची, म्हणून ते वापरात असतील असं त्यानं मानलं. माणूस विचारी आहे. दोन जुने काढले. मशीननं विचारलं, नक्की का? तो म्हणाला, व्हय. आणि कचरा घरात ठेवून पूजा करायची नसते म्हणून रिसायकल बिनही रिकामी केली.

त्यानंतर सर्व्हरला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, आरती झाली. मी स्वतः हजर होतो. मी टाळ्या वाजवल्या आणि पेढा खाल्ला. प्राचार्य म्हणाले, आडे, यंदा मशीन कसं चमकून राहिलं पाहा. मी म्हणालो, संतरामची कमाल आहे.

गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी परीक्षेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. तीनशे बारा मुलांचे अर्ज राहिले होते, आणि त्यांतली निम्मी मुलं नरसीकडून, औंढ्याकडून, बसनं आलेली. कॉलेजनं सगळ्यांचे फोटो आणि सह्या स्कॅन करून सामाईक ड्राइव्हवर ठेवल्या होत्या, तिथून उचलायच्या आणि अर्जाला जोडायच्या. तो ड्राइव्हच कुठल्या कॉम्प्युटरवर दिसेना. प्रिंटर दिसेना. पावणेअकराला प्राचार्यांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा व्हरांड्यात रांग जिन्यापर्यंत गेली होती. रांगेतली मुलं गप्प होती. पोरं आरडाओरडा करतात तेव्हा मी घाबरत नाही. पाच वाजता हा दरवाजा बंद झाला तर त्यांचं वर्ष जाणार होतं, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मी माझ्या परीनं तपासणी केली. सर्व्हरला कान लावला. पंखा उत्तम, डिस्क उत्तम. मग मी तेच केलं जे मोटारवाला शेवटी करतो, बंद करून पुन्हा चालू केलं. नेमकं हेच करू नका असं शिलानं लग्न होऊन सासरी जाताना मला बजावून सांगितलं होतं, की बाबा, एक वेळ आईच्या रेडिओला हात लावा, पण मला विचारल्याशिवाय सर्व्हर बंद करू नका. तिला फोन केला आणि पहिलंच वाक्य ते बोलली जे भागूबाईंनी ऐकलं. (आम्ही आपल्या बोलीत बोलत होतो, इथं मराठी करून लिहिलं आहे. मूळ वाक्य जास्त कडक होतं.)

इथं एक गोष्ट विहीणबाईंच्या कानावर घालावी. शिला काम टाकून गोठ्यामागं गेली असं म्हणतात ते पूर्ण खरं नाही. पहिला अर्धा तास ती फोन खांद्यात धरून भाकरी थापत होती. थापल्याचा आवाज मला स्पष्ट येत होता आणि सवयीनं मी मोजला. एकोणीस भाकरी झाल्या. विसाव्या भाकरीला चुलीपाशी रेंज गेली आणि तुमच्याकडे रेंज फक्त गोठ्यामागं येते, याला ती जबाबदार नाही.

तिनं मला सर्व्हरवरची नोंदवही उघडायला लावली. तिथं लाल खुणेची एकच ओळ पानंच्या पानं भरून होती. एक हजार अठ्ठावन्न हा आकडा, आणि पुढं अमुक फाइल वाचता येत नाही. आकडा ऐकल्याबरोबर ती म्हणाली, पॉलिसीचं (म्हणजे त्या वह्यांचं) फोल्डर उघडा आणि आत किती आहेत ते मोजा. मी म्हणालो, पाच. ती म्हणाली, सात पाहिजेत. मग कुठले दोन नाहीत ते तिनं नावाची पहिली चार अक्षरं सांगून ओळखून घेतलं. छत्तीस अक्षरांच्या त्या माळा तिला पाठ आहेत, गुरुजी. जगातल्या सगळ्या अशा सर्व्हरवर त्या दोघांची नावं तीच असतात म्हणे. माझ्या बाजूला उभा असलेला संतराम म्हणाला, ते व्हय? ते तर म्या काढले. आणि एवढ्या प्रामाणिकपणानं म्हणाला की प्राचार्यांना ओरडण्याआधी चष्मा काढून पुसावा लागला.

पुढं तिनं काय काय विचारलं ते ऐका, म्हणजे तिनं उगाच वेळ काढला नाही हे कळेल. रिसायकल बिन? रिकामी. दुसरा सर्व्हर, ज्यावर याची नक्कल असते? तो घ्या म्हणून तीन वर्षं आम्ही सांगतो आहोत. बॅकअपची बाहेरची डिस्क, जी दर शनिवारी जोडायची? ती प्राचार्यांच्या घरी होती. माणूस गाडीवर पाठवून आणली. उघडली तर तीत त्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं, चार कॅमेऱ्यांचं. जागा पुरेना म्हणून आधीचं पुसून टाकलं होतं. प्राचार्य संतरामवर ओरडायला आता कुठं तयार झाले होते, त्यांनी त्याला पाणी आणायला पाठवलं. मी लग्नाचं थोडं पाहिलं. मुलगी चांगली आहे.

मग शिला म्हणाली की एकच रस्ता राहिला. ते दोन फोल्डर नव्यानं तयार करून देणारी एक आज्ञा त्या सर्व्हरमध्येच असते. पण ती फोल्डर कंपनीतून आले तसे कोरे करून देते. आपण गेल्या काही वर्षांत त्यात जे बदल केले ते परत मिळणार नाहीत. हे तिनं प्राचार्यांना स्पीकरवर समजावून सांगितलं आणि विचारलं, करू का? प्राचार्यांनी विचारलं, लेखी द्यावं लागेल का? ती म्हणाली, 'सर, लेखी मी देते, सही तुमी करा.' प्राचार्य म्हणाले, करा. आधी उरलेले पाच फोल्डर तिनं मला वेगळ्या जागी उतरवून ठेवायला लावले, आणि ते उतरले की नाही हे तीनदा विचारलं. चौथ्यांदा मीच न विचारता सांगितलं.

आता ती आज्ञा इंग्रजी अक्षरांची, गोठ्यामागं वारा, आणि मधूनच तुमची म्हैस बोलायची. शेवटी तिनं गावं लावून अक्षरं सांगितली. डी डोंगरकड्याचा, सी चोंढीचा, जी गोरेगावचा, पी पांगऱ्याचा, ओ औंढ्याचा. पुढं फिक्स. मी दाबलं, मशीन म्हणालं असली आज्ञा मला माहीत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दहा मिनिटं यात गेली. कारण औंढ्याची पाटी मी आयुष्यभर रस्त्यावर वाचत आलो आहे आणि तिच्यावर इंग्रजीत पहिलं अक्षर ए आहे, म्हणून मी ए दाबत होतो. हे तिला कळल्यावर ती जे बोलली ते तुमच्या अंगणात कुणी ऐकलं नसावं अशी आशा करतो.

तिसऱ्या वेळी आज्ञा लागू झाली. मशीननं विचारलं, नक्की करायचं का? मी शिलाला विचारलं, ती म्हणाली हो. मशीननं दुसऱ्यांदा विचारलं, आधीचं सगळं जाईल, तरी करायचं? तेव्हा संतराम दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी वाय दाबला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. फोल्डर पुन्हा उघडून मोजले, सात होते. मग सगळ्या कॉम्प्युटरांना वह्या नव्यानं वाचायला लावणारी दुसरी आज्ञा. पहिल्या रांगेतल्या मशीनवर सामाईक ड्राइव्ह दिसला तेव्हा व्हरांड्यात जो आवाज झाला तो फोनमधून तिला ऐकू गेला. दीड वाजला होता. ती म्हणाली, बाबा, मी आता जाते, वाढायचं आहे. आणि ती खरंच निघाली होती. तिची पावलं मी ऐकली. सात-आठ पावलं झाली असतील.

आठव्या पावलाला मी तिला परत बोलावलं. कारण ऑफिसातल्या केशरबाई किंचाळत आल्या की मला माझ्याच कॉम्प्युटरनं बाहेर काढलं. कोरी वही म्हणजे कंपनीचे नियम. पासवर्ड बेचाळीस दिवसांत बदलला पाहिजे, त्यात मोठं अक्षर, छोटं अक्षर आणि आकडा पाहिजे, आणि स्वतःचं नाव नको. कॉलेजात कुणी कधीच पासवर्ड बदलला नव्हता, म्हणून एकेचाळीस कर्मचाऱ्यांचे पासवर्ड एकाच मिनिटाला शिळे झाले. अर्जावर कॉलेजचा शिक्का मारायचा अधिकार असलेल्या तिघीही त्यातच. केशरबाईंचा पासवर्ड नऊ वर्षं त्यांचं स्वतःचं नाव होता आणि तो शिपायापासून सगळ्यांना पाठ होता. त्या म्हणाल्या, 'माझं नाव चालत न्हाई म्हंजे? मी काय गुन्हेगार हाये?' शिलानं त्यांना स्पीकरवर पंधरा मिनिटं समजावलं. इतक्या सबुरीनं, की मला प्रश्न पडला, हीच मुलगी मघाशी एका अक्षरावरून मला काय काय बोलली. शेवटी केशरबाईंनी चांगला कडक पासवर्ड ठरवला आणि विसरू नये म्हणून खिडकीतून प्रमोद क्लार्कला ओरडून सांगितला. शिला म्हणाली, बाई, आता दुसरा ठरवा.

मग ती वही पुन्हा लिहायचं काम झालं. प्राचार्यांचं म्हणणं पडलं की पूर्वीसारखंच चार अक्षरांचं आणि कधी न बदलायचं ठेवा. शिला म्हणाली, न्हाई सर. आठ अक्षरं, वर्षातून एकदा बदल. हे ऐकून प्राचार्य माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघितलं. तुमची सून, गुरुजी, गोठ्यामागं शेणाच्या वासात उभी राहून एका पीएच.डी. झालेल्या माणसाला नाही म्हणत होती, आणि तो माणूस ठीक आहे म्हणाला. मी चौदा वर्षांत त्यांना एकदाही नाही म्हणू शकलो नाही.

चार वाजून सव्वीस मिनिटांनी शेवटचा अर्ज गेला, ज्योती नावाच्या मुलीचा. तिची सही उलटी स्कॅन झाली होती, ती सरळ करून. तीनशे बारापैकी तीनशे बारा. त्यानंतर शिला आत गेली आणि त्रेपन्न माणसांची भांडी तिनं एकटीनं घासली. हे तिनं सांगितलं नाही, हरीशरावांनी तिसऱ्या चहाला सांगितलं. संतरामला कारणे दाखवा नोटीस द्यायची असं प्राचार्यांनी काढलं होतं, ते तिनंच थांबवलं. तिनं फोनवर एवढंच विचारलं की त्यांना सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कुठून मिळाला? पासवर्ड कुठून मिळाला हा जरा तांत्रिक विषय आहे, त्याला या पत्रात जागा नाही.

तर एकूण हे असं. सुनेनं घर शिकावं हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्या दिवशी तीनशे बारा घरांतली पोरं तिच्या एका कानाच्या भरवशावर उभी होती. एकतीस वर्षं तुम्ही तांड्यातांड्यांतून पोरं शाळेत ओढून आणलीत. त्या पोरांचं वर्ष जाणं म्हणजे काय हे मी तुम्हाला शिकवायचं नाही. विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा आणि परातीबद्दल माझ्या वतीनं माफी मागा.

तुमचा व्याही,
धर्मसिंग आडे

ता.क. – पासवर्डचा तांत्रिक विषय मनाला खात होता म्हणून लिहून टाकतो. तो संतरामला मीच दिला. गेल्या वर्षी त्याचा सारखा फोन यायचा की हे उघडत नाही, ते पुसता येत नाही. दरवेळी बायपासपर्यंत कोण जाणार म्हणून मी कागदावर लिहून दिला आणि वर म्हणालो, संतराम, आता तूच मालक, आतून-बाहेरून स्वच्छ ठेव. त्यानं शब्द पाळला. शिलाला हे त्या दिवशीच कळलं होतं, माझ्या खोकल्यावरून. कान तिलाही माझेच मिळाले आहेत. प्राचार्यांपुढं ती बोलली नाही.

दुसरा ता.क. – रविवार, सकाळ. खरं काम लिहायचं राहिलं. प्राचार्यांनी मंगळवारी संस्थेची बैठक घेतली. सर्व्हरसाठी कायमचा माणूस हवा असं ठरलं, आणि माणूस म्हणजे शिला. पत्र निघालं, तिनं होकार कळवला, उद्या सोमवारी रुजू व्हायचं आहे. माझ्या करारातून ती कामं आता तिच्याकडं जातील, म्हणजे हा माहेरचा धंदाही राहिला नाही. कळमनुरीवरून जाणारी सकाळी आठची बाळापूर-हिंगोली एसटी, संध्याकाळी साडेसहाला परत. हरीशरावांना माहीत आहे आणि ते खूश आहेत. विनंती एवढीच की हे विहीणबाईंना तुम्ही सांगावं. हरीशरावांची, शिलाची आणि माझी, तिघांची मिळून तेवढी छाती होत नाही.

तिसरा ता.क. – रविवार, संध्याकाळ. आत्ताच विहीणबाईंचा फोन येऊन गेला. त्यांना मंगळवारपासून सगळं माहीत आहे. शिलानं आधी त्यांनाच सांगितलं होतं. परात त्यांनी आपटली ती सुनेवर नाही, भागूबाईंवर, हे त्यांनी मला जरा कडक आवाजात समजावलं. (माझा कान चुकला, लिहून देतो.) डबा कोणता द्यायचा तेही ठरलं आहे. त्यांना फक्त एक काळजी होती, की गुरुजींना कोण सांगणार, त्या तर सांगणार नाहीत. मी म्हणालो, मी पत्र लिहितो आहे. त्या म्हणाल्या, मग लांबलचक लिहा. गुरुजी लाल पेन घेऊन वाचायला बसले की मधी उठत न्हाईत, आन् शेवटचं पान आधी बघायची त्यांची खोड न्हाई. त्यांच्या सांगण्यावरून हरीशराव आज रात्री हे पत्र घेऊन जातील आणि उद्या सकाळी साडेसातला तुमच्या हातात देऊन शिलाला मोटारसायकलवरून एसटीला सोडायला निघतील. तुम्ही इथवर आला असाल, तर घड्याळ बघा. एसटी कळमनुरीच्या पुढं गेली.